हात खिशात

माझ्या मुलीच्या स्काउट पथकात मोठ्या माणसांसाठी एकच नियम आहे: हात खिशात ठेवायचे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मी एका विमा कंपनीच्या आवक-जावक विभागात सव्वीस वर्षं काढली आहेत, आणि नियमांबद्दल माझ्याइतका आदर असलेला माणूस आमच्या इमारतीत दुसरा नाही. फक्त या नियमापायी माझ्यावर स्वतःच्या तेरा वर्षांच्या मुलीविरुद्ध सुनावणीला उभं राहायची वेळ आली. इमारतीत या प्रकरणाच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरताहेत, म्हणून खरं काय घडलं ते एकदा लिहून ठेवलेलं बरं.

मुळात मी स्काउटमध्ये शिरलो तोही एका हातामुळेच. पालकसभा होती. गणवेशाच्या शर्टाला बटणं पाच की सहा, एवढंच मला विचारायचं होतं, म्हणून मी हात वर केला. नेमकं त्याच वेळी पुढून कोणीतरी विचारलं होतं की मदतनीस म्हणून यायला कोण तयार आहे. सभेत दुसरा हात नव्हता. माझं नाव लागलं, टाळ्या वाजल्या, आणि बटणांचं मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." समाजाला अनुभवी माणसांची गरज असते, असं मी तिला शांतपणे सांगितलं. 

पथक सांभाळतात त्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहेत. इंजेक्शन द्यायच्या आधी पेशंटशी बोलावं त्या सुरात त्यांनी मला नियम समजावला. "इथे सगळं मुलं ठरवतात, मुलंच करतात. आपण जवळ उभं राहायचं. हात खिशात. एखादं मूल 'हात' म्हणालं की बाहेर काढायचे, ते सांगेल तेवढंच करायचं, आणि परत आत."

"आणि मुलं चुकत असली तर?"

"तरी आत."

"आणि कोणाला लागलं, रक्त आलं तर?"

"त्यासाठी मी आहे."

आता माझ्या पिढीची अडचण समजून घ्या. आमचं अख्खं शिक्षण 'हाताची घडी, तोंडावर बोट' या एका वाक्यावर झालं. खिशात हात घालून उभं राहिल्याबद्दल मी चौथीत एक तास वर्गाबाहेर उभा होतो. पन्नाशी ओलांडल्यावर तीच गोष्ट मला सद्गुण म्हणून शिकवली जात होती. शिवाय माझ्या पँटींचे खिसे. हल्लीच्या तयार पँटींना खिसा म्हणून जे असतं त्यात बोटांची दोन पेरं जातात आणि बाकीचा माणूस बाहेर राहतो.

यावर उपाय आमच्या अण्णांनी काढला. अण्णा म्हणजे माझे वडील. पंचेचाळीस वर्षं शिंपीकाम केलं. आता डोळे चांगले आहेत, हातही चांगले आहेत, गुडघ्याचं मात्र ऑपरेशन झालं आहे आणि दर मंगळवार-शुक्रवारी व्यायामासाठी दवाखान्यात जावं लागतं. अण्णांनी माझी खाकी पँट मांडीवर घेतली, खिसे उसवले, आणि जाड कापडाचे नवे लावले. मी हात घालून पाहिला तर तो मनगटाच्या वर गेला.

"फार खोल झाला, अण्णा."

"असू दे," अण्णा म्हणाले. "बाहेर यायला वेळ लागेल. तुला तेवढा वेळ पाहिजेच."

पहिल्याच महिन्यात पथकाची निवडणूक झाली. पथकनायक म्हणून माझी मुलगी, जिला घरात आम्ही बारकी म्हणतो, एका मताने निवडून आली. हरलेल्या मुलाचं टोपणनाव शिट्टी. त्याला डोंगरावर शिबिर न्यायचं होतं. बारकीने मांडलेला प्रस्ताव असा, की दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर बसायला काही नाही, तिथे पथकाने एक बाक करून बसवावा. सात विरुद्ध सहा. शिट्टी म्हणाला, बाक होणारच नाही, सरकारी जागा आहे. तेव्हा बारकी सगळ्यांसमोर म्हणाली, "दीड महिन्यात बाक बसला नाही तर मी नायक राहणार नाही. परत मत घ्या."

मी खिशात मुठी आवळल्या. अशी तारीख द्यायची नसते. 'यथावकाश' हा शब्द भाषेत उगाच आलेला नाही. पण 'हात' कोणी म्हणालं नव्हतं, आणि तोंडाबद्दल नियम स्पष्ट नसला तरी सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या.

सर्वांत जास्त त्रास मला अर्जाने झाला. फुटपाथवर बाक ठेवायचा तर वॉर्ड ऑफिसची परवानगी हवी, आणि परवानगीचा अर्ज बारकीने लिहिला. वहीच्या पानावर. मी लांबून पाहिलं. त्याला विषय नव्हता. संदर्भ नव्हता. 'महोदय' नव्हतं. सगळा मिळून चार ओळींचा मजकूर आणि खाली सही. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मी तो दोन बोटांत धरून परत केला असता. त्या चार ओळींत काय लिहिलं आहे ते मी वाचलं नाही. समास सोडलेला नाही हे पाहिल्यावर माझ्याच्याने पुढे वाचवलं नाही.

अर्ज द्यायला मुलं गेली, मागे मी. वॉर्ड ऑफिसच्या दारात पहारेकऱ्याने मला अडवलं आणि खिशात काय आहे विचारलं. "हात," मी म्हणालो. त्याने बाहेर काढायला सांगितलं. मी बारकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "काका, ते आमचे मदतनीस आहेत, त्यांना परवानगी नाही." पहारेकऱ्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं तशी करुणा मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला, आवक क्रमांक दिला. अर्जदाराचं वय विचारणारा रकानाच नव्हता, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. शाळेच्या शेडमध्ये मुलं जुन्या फळ्या घासत होती आणि वॉर्ड ऑफिस गप्प होतं. बारकी रोज टपालपेटी उघडायची, रोज बंद करायची. जेवताना बोलेनाशी झाली. हे मला बघवेना, आणि माणूस असा हळवा झाला की सल्ला द्यायला शेजारी हजर असतातच.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. त्यांच्या आयुष्यातला एकही रस्ता सरळ झालेला नाही, पण सल्ला सरळ असतो. "पोरांचा अर्ज तो," ते म्हणाले. "पेपरवेटखाली गेला. तो आता वारा आल्याशिवाय हलत नाही. तुम्ही तुमच्या नावाने एक समांतर अर्ज टाका. वजनदार. म्हणजे त्याच्या धक्क्याने हाही सुटेल."

'समांतर' हा शब्द मला फार आवडला. बायको म्हणाली, "तिचं ती बघेल. तुम्ही कशाला नाक खुपसता?" पण बायकोला कार्यालयीन पद्धतीची कल्पना नाही. त्याच रविवारी मी दार लावून बसलो. खाकी पँट खुंटीला होती, मी घरच्या कपड्यांत होतो, त्यामुळे नियम मला त्या क्षणी लागू होतो का, हा प्रश्न निदान वादाचा होता. तीन पानी अर्ज झाला. विषय, संदर्भ, जोडपत्र अ आणि ब, जागेचा नकाशा, आणि कारणाच्या रकान्यात 'व्यापक जनहितार्थ'. तो अर्ज मी परत वाचला तेव्हा मला स्वतःबद्दल बरं वाटलं. सोमवारी जाता जाता खिडकीत दिला. पहारेकरी म्हणाला, "आज हात मोकळे?"

पेपरवेट हललं, यात शंका नाही. आठवड्यात दोन लिफाफे आले, एकाच टपालाने, एकाच पेटीत. एक बारकीच्या नावाचा, एक माझ्या. आत मजकूर एकच: सदर जागेवर दोन अर्जदारांनी हक्क सांगितल्याने प्रकरण वादग्रस्त ठरवण्यात आलं आहे. उभय पक्षांनी अमुक तारखेस सुनावणीला पुराव्यांसह हजर राहावं. तोपर्यंत कोणतंही काम करू नये. तिच्या पत्रावर 'अर्जदार क्रमांक एक' होतं, माझ्यावर 'अर्जदार क्रमांक दोन'. सुनावणीची तारीख दीड महिना संपायच्या आधी चार दिवस होती.

बारकीने दोन्ही पत्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. घरात ती मला 'तू' म्हणते, पथकात 'तुम्ही'. या हिशेबात ती कधी चुकली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या खिशाला भोक पडलं होतं का?"

ती उठून आत गेली. अण्णांनी घास खाली ठेवला, खुंटीवरची माझी पँट काढली, दोन्ही खिसे उलटे केले आणि शिवण बोटाने तपासली. "शिवण ठीक आहे," एवढंच म्हणाले आणि परत जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घ्यायला मी अर्धी रजा टाकली. खिडकीवरचा कारकून सभ्य माणूस होता.

"मागे घेता येतो," तो म्हणाला. "पण आता वाद नोंदला गेलाय. समोरच्या पक्षाची लेखी संमती लागेल."

"समोरचा पक्ष माझी मुलगी आहे."

"मग सोपं आहे. वय?"

"तेरा."

"मग सोपं नाही. कायद्याने अज्ञान आहे. तिच्या वतीने पालकाने सही करायला पाहिजे."

"पालक मीच आहे."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे तुमच्या विरुद्ध पक्षातर्फे तुम्हीच संमती देणार?"

"हो."

"असं नाही चालत हो."

खरं सांगतो, त्या माणसाबद्दल माझा आदर दुणावला. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

शनिवारी पथकाच्या पंचायतीने मला बोलावलं. तेरा मुलं गोल करून जमिनीवर बसली होती. माझ्यासाठी मध्ये स्टूल ठेवलं होतं. सिस्टर भिंतीशी उभ्या, हात एप्रनच्या खिशात. मी त्यांच्याकडे आशेने पाहिलं, पण त्यांना 'हात' कोणी म्हणालं नव्हतं. नायक स्वतः पक्षकार असल्यामुळे बारकी बाजूला बसली आणि प्रश्न शिट्टीने विचारले. पोरगं बारा वर्षांचं, पण पद्धत चोख.

"काका, तुम्हाला कोणी 'हात' म्हणालं होतं का?"

"नाही."

"मग तुम्ही का काढलात?"

मी मनात बरीच उत्तरं तयार केली होती. अनुभव, तळमळ, कार्यालयीन पद्धत. त्या तेरा तोंडांकडे पाहून त्यातलं एकही बाहेर येईना. "मला वाटलं, तुम्हाला जमणार नाही," मी म्हणालो. वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं गेलं.

मला काढतील असं मला वाटलं होतं, आणि काढलं असतं तर बरं झालं असतं. पण मुलांनी चर्चा केली आणि शिट्टीने निर्णय वाचला: सुनावणीला पुरावे लागतात. काकांना लिहायची हौस आहे. तेव्हा काकांनी एक आठवडा रोज संध्याकाळी पाच ते सहा त्या थांब्यावर उभं राहायचं आणि किती माणसं, किती वेळ उभी राहतात ते लिहायचं. लिहिण्यापुरता हात बाहेर. बाकी आत.

सोमवारी नऊ माणसं झाली. एका बाईच्या पायाला प्लॅस्टर होतं, ती भिंतीला टेकली होती. शेजारच्या न्हाव्याने दुकानातून बाहेर येऊन विचारलं की मी बस कंपनीकडून आलो आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाला, मग बस उशिरा येते हे कोणाला सांगायचं? तेही मी लिहून घेतलं.

मंगळवारी पाच वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याच्या दारातून अण्णा बाहेर आले. बरोबर बारकी, तिच्या खांद्यावर शाळेचं दप्तर, हातात अण्णांची पिशवी.

ती शाळेतून येताना अण्णांना घेऊन येते, एवढं मला माहीत होतं. पण मी अण्णांना रिक्षाने जा-ये करा असं बजावून सांगितलं होतं, आणि विचारलं की ते म्हणायचे, "येतो आरामात." मी मान हलवून पेपर वाचायचो. आराम हा होता. अण्णांनी थांब्याच्या खांबाला खांदा लावला आणि ऑपरेशन झालेला पाय जरासा उचलून धरला. बारकी त्यांच्या दुसऱ्या बाजूला चिकटून उभी राहिली. ती जेमतेम त्यांच्या खांद्यापर्यंत येते. तिला त्यांचा भार पेलणार नव्हता, तरी ती तशी उभी होती.

मी पुढे झालो. अण्णांनी मला पाहिलं. आश्चर्य वाटल्यासारखं मुळीच केलं नाही.

"हात खिशात," ते म्हणाले. "तुझी ड्यूटी चालू आहे."

"अण्णा, रिक्षा का नाही करत तुम्ही?"

"रिक्षात चढताना वाकावं लागतं. वाकलं की दुखतं. तू लिही."

मी लिहिलं: एक ज्येष्ठ नागरिक, पंचवीस मिनिटं, खांबाला टेकून. सव्वीस वर्षांत मी लाखभर नोंदी केल्या असतील. ही एक करताना पेन दोनदा थांबलं. बस आली, बारकीने आधी पिशवी आत ठेवली, मग अण्णांना चढवलं. मी आठवड्याचा मंगळवार पुरा करून सहाला घरी गेलो. अण्णा चहा घेत होते. शुक्रवारीही तेच झालं, फक्त मिनिटं सत्तावीस होती.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. त्यांनी फाइल उघडली, बारकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "अर्जदार दोन एकाचे कोण?"

"वडील," मी म्हणालो.

"एका घरातून दोन अर्ज?"

"हो."

माझं तीन पानी निवेदन त्यांनी चाळलं आणि 'व्यापक जनहितार्थ' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणजे कोणासाठी?" मग त्यांनी वहीचं ते पान उचललं आणि मोठ्याने वाचलं. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की त्यात काय आहे.

"माझे आजोबा दवाखान्यासमोर बससाठी उभे राहतात. बस खूप वेळाने येते. विचारलं तर ते पाय दुखत नाही म्हणतात. म्हणून तिथे बाक पाहिजे, तो आम्ही करू."

बाईंनी पान खाली ठेवलं आणि बारकीला विचारलं, "पुरावा आहे?"

बारकीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी खिशांत हात घालून उभा होतो, आणि आयुष्यात एखाद्या शब्दाची इतकी वाट मी पाहिली नव्हती. बढतीच्या आदेशाचीसुद्धा नाही.

"हात," ती म्हणाली.

मी वही काढून तिच्या हातात दिली. तिने ती बाईंना दिली. मी हात परत आत घातला. बाईंनी सगळी पानं वाचली, मंगळवार आणि शुक्रवार दोनदा. मग म्हणाल्या की अर्जदार दोनने माघार घेतल्याचं लिहून द्यावं, आणि अर्जदार एक अज्ञान असल्याने तिच्या पालकाने संमती द्यावी. "माझ्यासमक्ष होतंय, चालेल," असंही त्या म्हणाल्या. बारकी परत 'हात' म्हणाली. मी एकाच कागदावर दोन सह्या केल्या, एक हरलेल्या पक्षाची आणि एक जिंकलेल्या पक्षाच्या पालकाची. परत येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुझं अक्षर छान आहे, बाबा. फक्त तू जास्त लिहितोस." 'तू' ऐकून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

बाक चौथ्या दिवशी बसला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी. खड्डे मुलांनी खणले, खडी मुलांनी भरली. शिट्टी सगळ्यांत जास्त राबला. डावीकडचा एक पाय अर्धं बोट आखूड होता. मला ते दुरून दिसत होतं, कशाने भरायचं तेही माहीत होतं. ओव्हरसियर मुद्दाम पाहायला आले होते, ते माझ्या कानाशी म्हणाले, "बाक डुगडुगणार. सांगा की पोरांना." मी त्यांना हात खिशात घालायला सांगितलं. त्यांनी बिनखिशाचा लेंगा घातला होता, त्यामुळे ते गेले.

सव्वापाचला अण्णा दवाखान्यातून बाहेर आले. मुलं बाजूला झाली. अण्णा बसले. बाक डुगडुगला. अण्णांनी वाकून न बघता तळव्याने फळी चाचपली, कपड्याचा पोत बघतात तशी, आणि म्हणाले, "शिलाई चांगली आहे." मग त्यांनी शेजारची जागा थोपटली. मी बसलो. वीस मिनिटं आम्ही दोघं तिथे बसलो. ते पाय पुढे पसरून, मी हात खिशात घालून. त्यांनी मला न्हाव्याच्या दुकानाची पाटी तिरकी आहे ते दाखवलं. एवढंच बोलणं झालं.

बस वळणावर दिसली. अण्णांनी फळीवर तळवे टेकून उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बाक ठेंगणा झाला होता. मुलांनी उंची स्वतःच्या गुडघ्यांवरून घेतली होती. अण्णांनी परत जोर लावला. मी जागचा हललो नाही. मग अण्णांनी माझ्याकडे न बघता समोर बघत म्हटलं,

"हात."

नियमाप्रमाणे तो शब्द मुलांनीच म्हणायचा असतो. मी बारकीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. पन्नास वर्षांत अण्णांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. खिसा खोल होता, हात बाहेर यायला वेळ लागला. अण्णा थांबले.